दहावा फर्मा

शाहूपुरीत आमची लायब्ररी आहे. पाटीवर सासऱ्यांचं, गणपतरावांचं नाव आहे; हयात असतानाच त्यांनी ते रंगवून घेतलं होतं. पण त्या नावानं तिला कुणी ओळखत नाही. गुळाच्या आडतीशेजारची लायब्ररी म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडतो. सासरे गेले तेव्हा आमचे हे, बाळासो, म्हणाले, "बंद करून टाकू की, गुळाला जागा हुईल." मी म्हटलं, "गुळाला मुंगळं लागत्यात, पुस्तकाला पोरी. पोरी परवडल्या." आणि काउंटरवर जाऊन बसले. ती अजून बसलेच आहे.

मला राग लवकर येतो हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. पण मी जिच्याविषयी सांगणार आहे त्या संघप्रियाला माझ्याहून लवकर येतो. माझा राग तोंडावाटे बाहेर पडतो आणि मी चहा प्यायला मोकळी होते. तिचा आत राहतो आणि ती काम करत सुटते. ती फार भराभर बाइंडिंगची खळ ढवळायला लागली की मी गिऱ्हाइकांना सांगायची, आज तिकडं जाऊ नका.

ती आली शहाण्णव साली, गणपतीनंतर. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला असलेल्या बुद्धभूषणची बायको. माहेर वारणानगरच्या कामगार वसाहतीतलं, वडील भाऊसो साखर कारखान्यात बॉयलरवर होते. दारात उभी राहून तिनं विचारलं, "पुस्तकं शिवायचं काम हाय काय?"

"शिक्षण किती?"

"बी.ए."

"बी.ए. होऊन दाभण धरणार व्हय?"

"बी.ए. झालं म्हणून पोट भरतंय व्हय वहिनी? शिवाया येतंय म्हणून आलोय. कॉलेजात असताना सुट्टीत बाइंडरकडं शिकलोय."

हे उत्तर मला आवडलं. मी तिला आतल्या खोलीत नेऊन फाटक्या पुस्तकांचा ढीग दाखवला. ढीग बघून माणूस पळून जायचं, ती खाली बसली.

लायब्ररीचं पुस्तक वर्षभरात खिळखिळं होतं. ते सोडवायचं, फर्मे वेगळे करायचे, नव्यानं शिवायचे, पुठ्ठा घालून खळ लावायची. फर्मा म्हणजे सोळा पानांचा एक जुडगा. छापखान्यात मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, मग घडी घालतात. त्या वेळी खास लायब्रऱ्यांसाठी म्हणून कादंबऱ्या निघायच्या, त्या दहा फर्म्यांच्या. प्रेम कितीही अडलेलं असलं तरी दहाव्या फर्म्यात जमायचंच, कारण अकराव्याला प्रकाशक कागद देत नसे.

आणि त्यातलं प्रेम तरी काय! हिरो पुण्याचा नाहीतर मुंबईचा, डोळे घारे, दाराशी गाडी. हिरॉईन सकाळी उठली की खिडकीत जाऊन उभी. हिला घरात काम कसं नाही, असा प्रश्न मला दर पुस्तकाला पडायचा. आमच्याकडं येणाऱ्या पोरी धारा काढून, भांडी घासून, एसटीत उभ्यानं येऊन कॉलेज गाठणाऱ्या. आमची लायब्ररी स्टँडच्या अंगाला, म्हणून जाता-येता शिरायच्या. त्या असलं वाचायच्या, नाही असं नाही. पण परत करताना पुस्तक काउंटरवर आदळायच्या. "काकू, असलं कुणाचं असतंय काय वो?" मी म्हणायची, "मग कशाला न्हेतीस?" तर म्हणायच्या, "दुसरं काय हाय तुमच्याकडं?" आणि पुन्हा तसलंच घेऊन जायच्या.

एक पुस्तक मात्र त्या आदळायच्या नाहीत. 'मखमली मीलन' असं त्याचं नाव आणि लेखिका कोण तर नुसतीच 'रेवती'. मुखपृष्ठावर गुलाबी धुक्यात दोन चेहरे. नाव आणि चित्र बघून मी त्याला हातही लावला नव्हता. पण त्याच्या चारही प्रती कधी जागेवर नसायच्या. शेवटी एका दुपारी परत आलेली प्रत मी उघडली आणि चहा गार झाला.

त्यात खिडकी होती, पण एसटीची. वारणानगरच्या वसाहतीतली निशा कॉलेजला कोल्हापूरला येते. शिरोलीत कामाला लागलेला शेतकऱ्याचा मुलगा त्याच गाडीत उभा असतो. त्यांची ओळख कशी होते, तर कंडक्टरशी सुट्ट्यावरून दोघांचं एकदम भांडण होतं. त्याच्या शर्टाला ठिणग्यांची बारीक बारीक भोकं असतात. ती मोजायला लागते आणि मग स्वतःवरच चिडते. रंकाळ्यावर जाता येत नाही, कारण तिच्या मामाची रिक्षा तिथं लागते. मग स्टँडच्या कँटीनमध्ये एक बटाटेवडा दोघांत. आपल्याकडं कुणालाही भेटलं की माणूस गाव विचारतं आणि लगेच आडनाव विचारतं. तोही विचारतो. ती नुसतं "निशा" म्हणते. अर्धं पुस्तक होईपर्यंत ती आडनाव सांगत नाही. आणि एकदा सांगते तेव्हा तो पुढचे दोन स्टॉप गप्प राहतो, तिसऱ्या स्टॉपला म्हणतो, "भूक लागलीया काय?" बास. पुढं दोघांपैकी कुणी त्यावर बोलत नाही. मी काउंटरवर बसून डोळे पुसले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, "काय बघताय? मिरचीचा हात लागलाय."

मग मी नवव्या फर्म्याच्या शेवटाला पोचले. स्टँडवर तो म्हणतो, चल, पळून जाऊ, आज रात्रीच जाऊ. निशा पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते आणि म्हणते, "हे बघ..." एवढ्यात, दहाव्या फर्म्याच्या पहिल्याच ओळीला, पांढरी गाडी येऊन थांबते! गाडीतून इनामदार उतरतात. निशाच्या मनगटावरची जन्मखूण बघून हंबरडा फोडतात, ही तर माझी दवाखान्यात अदलाबदल झालेली लेक! म्हणजे निशा मुळात वसाहतीतली नव्हतीच, इनामदारांचीच होती, त्यामुळे मुलाच्या घरचे खूष, आणि शेवटच्या चार पानांत वाड्यावर सनई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुस्तक घेऊन आत गेले आणि संघप्रियासमोर टाकलं.

"ह्या रेवतीला धरून आणली पायजे बघ. एवढं खरं लिवलं आणि शेवटाला शेण खाल्लं! लाज न्हाय वाटली बाईला?"

संघप्रिया शिवत होती. तिनं दोरा तोडला नाही, मानही वर केली नाही. "रोज ऐकतो वहिनी मी ह्ये," ती म्हणाली. "काउंटरवर पोरी तुम्हास्नी सांगत्यात, त्ये आत ऐकू येतंय. आज तुम्ही बी म्हणालासा. मीच ती रेवती."

मी पुस्तक उचलून त्यावरचं नाव पुन्हा वाचलं.

मग तिनं सांगितलं. वीस वर्षांची असताना तिनं ही कादंबरी लिहिली. नाव ठेवलं होतं 'कोडोलीमार्गे', वारणानगर गाडीच्या पाटीवर असतं तसं. हंबीरराव नावाचा कोल्हापुरातलाच प्रकाशक लायब्रऱ्यांसाठी कादंबऱ्या काढायचा, त्याला नेऊन दिली. त्यानं लेखिकेचं नाव बदललं. पुस्तकाचं नाव बदललं. "दोन्ही वेळंला मी गप बसलो," ती म्हणाली. "म्हटलं, वर काय बी असू दे, आत तर माझं हाय."

पुस्तकं घरी आली तेव्हा ती परीक्षेला कोल्हापुरात होती. भाऊसोंनी अख्ख्या चाळीला सांगितलं होतं, नाव दुसरं असलं तरी माझ्या लेकीनं लिहिलंय. शेजारच्या शिकलेल्या पोराकडून रोज संध्याकाळी ते ओट्यावर वाचून घ्यायचे, पंधरा-वीस माणसं ऐकायला बसायची. माणसं खूष होती. आमच्या कारखान्याचा भोंगा हाय की ह्यात, म्हणायची. परीक्षा संपवून संघप्रिया घरी पोचली तर बाबा ओट्यावर एकटेच. ते रागावले नव्हते. त्यांनी फक्त विचारलं, "निशा आपली न्हवती व्हय गं?"

तिला कळेचना काय म्हणतायत. मग तिनं पुस्तकाचा शेवट उघडला.

"आईनं सांगितलं, शेवट वाचला त्या दिवसापासनं ओट्यावर कुणी बसलं न्हाय," ती म्हणाली. "तवापासनं मी त्या कादंबरीचं नाव टाकलं. विसरायचं म्हणून विसरलो." आणि मग दाभण इतक्या जोरात घातलं की पुठ्ठ्यातून आरपार गेलं.

मला तिथं बसवेना. दुसऱ्याच दिवशी मी तिला घेऊन हंबीररावाकडं गेले. मोठा छापखाना नव्हता. अर्ध्या खोलीत मशीन, अर्ध्यात रद्दी आणि मधे हा माणूस पान लावत बसलेला. मला बघून उठला, कारण मी गिऱ्हाईक. "या या वहिनीसाहेब. नवीन चार टायटलं आल्यात, एकदम गोड."

मी म्हटलं, "गोडाचं ऱ्हाऊ दे. हिच्या पुस्तकाचा शेवट कुणी बदलला?"

त्यानं संघप्रियाकडं निरखून पाहिलं आणि ओळखलं. लाजला वगैरे अजिबात नाही. उलट मोठ्या कौतुकानं सांगायला लागला. त्या वेळी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई व्हायची आणि खिळे बेताचे. त्यामुळं एक फर्मा जुळवायचा, छापायचा, खिळे सोडवायचे, मग पुढचा. पुस्तक आधी वाचायला कुणाला वेळ होता? नऊ फर्मे छापून झाले. दहावा जुळवताना कंपोझिटर येऊन म्हणाला, मालक, घोटाळा हाय, ह्यात लगीनच हुईत न्हाय. "मग काय करतो? नऊ फर्म्यांचा कागद पाण्यात घालू? बसलो आणि मीच लिवला शेवटचा फर्मा. एका बैठकीत! मांडीवर कागद घेऊन!"

"आणि इनामदार?" संघप्रियानं विचारलं.

"त्याशिवाय जमतंय काय बाई? तुम्ही पोरीचं आडनाव सांगून बसला हुता पाचव्या फर्म्यात. छापून झालेलं. आता त्या आडनावाचं लगीन मी कसं लावू? लायब्ररीवाला पुस्तक परत धाडतोय. म्हटलं, पोरगीच बदलू." मग तो माझ्याकडं वळला. "तुमचं सासरे तर म्हणायचे, हंबीरराव, शेवट गोड असला तरच पुस्तक धाडा."

ते म्हणत असतील. सासरे गोड खाऊनच गेले. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर आपण काही वाईट केलं असं तसूभरही नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. मी म्हटलं, "हिचं लिवलेलं दहाव्या फर्म्याचं कागद द्या."

"त्ये कुठलं आता? रद्दीत कवाच गेलं." आणि वर म्हणतो, "आणखी एक लिवा की बाई. फकस्त शेवटाचं आमच्यावर सोडा."

परत येताना संघप्रिया माझ्या पुढं भराभर चालत सुटली. दुकानात आल्यावर मीच म्हटलं, "एवढं काय गं त्यात? शेवट तुझ्या डोक्यात हाय न्हवं? परत लिव. आता कंप्युटरवर टाइप करून देत्यात, आपण आपल्या चार प्रतीत शिवून टाकू."

तिचे डोळे चमकले. बसली लिहायला. रोज दुपारी डबा खाल्ला की पुठ्ठ्यांच्या ढिगाला टेकून लिहायची. महिने गेले. लिहिलेलं फाडायची, त्याचे तुकडे खळीच्या भांड्याखाली जाळाला घालायची. मी विचारलं की फणकारायची. एकदा मी एक कागद हिसकावून वाचला. निशा त्या मुलाला समाज, संविधान आणि स्त्रीचं स्वातंत्र्य यावर पानभर सुनावत होती. सगळं बरोबर होतं. एक शब्द खोडायला जागा नव्हती. पण ही निशा नव्हती.

"बघितलंसा न्हवं?" ती म्हणाली. "आता निशा भाषण द्याय लागती. मी तीस वर्षांची बाई, मला पोरगी झाली, मी लिवाय लागलो की निशाच्या तोंडातनं मीच बोलतो. गोष्ट मला ठावं हाय. ती पळून जात न्हाय. घरात नाव सांगून न्हे म्हणती आणि गाडीत बसती. पर गाडीत बसल्यावर एक वाक्य हुतं वहिनी. एकच. त्ये वाचलं की कळायचं, ही पोरगी मोडायची न्हाय. विसाव्या वर्षी आपसूक आलतं. आता डोस्कं आपटलं तरी यीना."

"तुझंच झालतं व्हय गं ते? त्या स्टँडवर?" मी बरेच दिवस मनात ठेवलेलं विचारून टाकलं.

"कादंबरी हाय वहिनी," ती म्हणाली आणि खळ ढवळायला लागली.

ती असं घायकुतीला आली होती आणि मला काही करता येत नव्हतं, त्यामुळं मी दुकानात सगळ्यांवर खेकसत होते. अशात एका सकाळी एक मुलगी 'मखमली मीलन'ची प्रत घेऊन आली. "काकू, शेवटची पानं न्हाईत ह्यात." दुपारी दुसरी आली. तिच्याही प्रतीत नाहीत. मी आत गेले. संघप्रियाच्या समोर चारातली शेवटची प्रत उसवलेली होती, आणि दहावा फर्मा बाजूला काढून ठेवलेला.

मी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. माझ्या दुकानातली पुस्तकं! वर्गणी भरून पोरी न्यायच्या आणि ही त्यातली पानं काढते! कोण बोलणी खाणार? काउंटरवर कोण बसतंय?

तिनं ऐकून घेतलं. मग ती उसवलेली प्रत मिटून माझ्यासमोर आडवी धरली. "कड बघा."

मी पाहिलं. पुस्तकाची कड बोटांनी मळून काळपट झाली होती. नऊ फर्म्यांपर्यंत काळी. तिनं बाजूचा दहावा फर्मा त्याला लावून धरला. तो जवळजवळ कोरा पांढरा होता.

"बाइंडिंग करताना पैल्या दिवशीच बघितलंतं मी," ती म्हणाली. "पोरी चार-चारदा न्हेत्यात, पर दहाव्याला हात लावत न्हाईत. एकदा वाचत्यात आणि परत तिथवर येऊन थांबत्यात. मग त्यो कशाला ठेवायचा? माझा शेवट घालता यीना. निदान त्याचा तर काढतो."

शेवटचा फर्मा नसलेलं पुस्तक आता एकशे चव्वेचाळिसाव्या पानावर संपत होतं, तेही वाक्याच्या मध्येच. 'निशानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि म्हणाली,' एवढंच. स्वल्पविराम, आणि पुढं थेट पुठ्ठा. पांढरी गाडी आता येत नव्हती, इनामदार उतरत नव्हते. मी काउंटरवर जाऊन बसले आणि पोरींना सांगायला लागले, "तेवढंच हाय ते. न्ह्याचं तर न्हे, न्हाईतर ठेव."

आणि त्या न्यायच्या. पण सुख कशाचं! परत आणून दिलं की काउंटरवरच जुंपायची. निशा काय म्हणाली? एक म्हणायची, "चल म्हणाली असंल." दुसरी म्हणायची, "जीव दिला असंल." तिसरीला वाटायचं, मुलाच्या आईनं येऊन पाया पडून नेलं असेल. एका शिकवणीवाल्या बाईंनी तर सांगितलं, हा मुक्त शेवट असतो, लेखिकेनं मुद्दाम सोडलाय. आतून पुठ्ठा कापल्याचा आवाज आला, खर्रकन. संघप्रियाला यातलं प्रत्येक उत्तर सुरीसारखं लागायचं. एकदा वैतागून मला म्हणाली, "त्या हंबीररावानं एक शेवट लिवलता. ह्या पन्नास लिवत्यात. चुकलंच वहिनी माझं. इनामदार बरा हुता, निदान एकटा हुता."

अशी वर्षं गेली. केबल आली, मोबाइल आले, आडतीवाले पुन्हा बाळासोंना जागेचं विचारायला लागले. पोरी कमी झाल्या. संघप्रियाचा लिहायचा नादही सुटला. दुपारी डबा खाऊन ती नुसती बसायची. मला ते बघवत नसे आणि मी तिला टोचून बोलायची, तर ती उत्तरही देत नसे. भाऊसो त्याच सुमारास वारले. त्यांना खरा शेवट कधी ऐकायला मिळाला नाही. एवढं एकदाच ती माझ्याजवळ बोलली.

दोन हजार चार सालची गोष्ट. कोडोलीची एक मुलगी यायची. नाव कार्डावर असेल, पण आम्ही तिला कोडोलीचीच म्हणायचो. हडकुळी, बोलायची कमी. त्या दिवशी तिनं ते पुस्तक परत ठेवलं, तेव्हा काउंटरवर आधीच होस्टेलच्या दोघी हुज्जत घालत होत्या. निशाच्या बाबतीतच.

"ती गेलीच असणार त्याच्यासंगट," एक म्हणाली. "एवढं पिरेम असल्यावर!"

"कुठली जातीया!" कोडोलीची एकदम म्हणाली. दोघी वळून बघायला लागल्या, तशी ती जरा बिचकली, पण थांबली नाही. "पळून जायाचं न्हाय म्हणाली असणार. घरात माझं नाव-आडनाव सांग आणि मग न्ह्याय ये म्हणाली असणार."

"आणि मग? रडत बसली व्हय?"

"रडत कशाला? गाडीत जाऊन बसली असंल. वाटलं असंल आता रडू यील. पर रडू न्हाय यीत तवा. भूक लागती."

दोघी खोखो हसल्या. "भूक! काय तर काय बोलती ही!"

"हसताय काय? लागती," ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता.

आतला खळ ढवळल्याचा आवाज थांबला होता. संघप्रिया दारात आली. कोपरापर्यंत खळ, हातात ब्रश. "काय म्हणालीस?"

"काय न्हाय ताई."

"भुकेचं काय म्हणालीस?"

"मला लागलीती," मुलगी खाली बघत म्हणाली. "म्हणून म्हणालो."

संघप्रिया ब्रश तसाच धरून काउंटरपाशी आली. होस्टेलच्या पोरींना काही कळेना, त्या पुस्तकं घेऊन सटकल्या. ब्रशवरून खळ फरशीवर ठिबकत होती, पण एरवी फरशीच्या डागावरून दुकान डोक्यावर घेणारी मी काही बोलले नाही.

"आज जेवलीस काय?" संघप्रियानं विचारलं.

"न्हाय."

तिनं हात धुतले. डबा आणला, काउंटरवरची पुस्तकं बाजूला सारली आणि झाकण काढून तिच्यासमोर ठेवला. भाकरी आणि झुणका होता. मुलीनं माझ्याकडं पाहिलं. काउंटरवर पाण्याचा ग्लाससुद्धा मी कुणाला ठेवू देत नसे. मी म्हटलं, "खा की आता. बघतीस काय?"

ती खायला लागली. मी संघप्रियाला दंडाला धरून आत ओढलं.

"ह्येच हुतं व्हय गं?"

"व्हय," ती म्हणाली. "रडू यील वाटलंतं, पर भूक लागली. ह्येच हुतं."

"मग बस की आता लिवाय! कागद देतो, पेन देतो. आजच टाइप करून आणू, उद्या चार प्रतीत शिव!" मला हर्षवायू व्हायचा बाकी होता. एवढी वर्षं डोकं आपटलं आणि ते वाक्य आपल्या पायानं चालत दुकानात आलं होतं.

तिनं मान हलवली. "आता न्हाय वहिनी. आता मी लिवलं तर तिचं चोरल्यागत हुईल."

"अगं तुझंच हाय ते! तूच लिवलंतंस!"

"मी लिवलंतं. तिच्यावर आत्ता आलंय."

मी कपाळावर हात मारून घेतला. असा राग आला मला! तिचा, त्या हंबीररावाचा, सासऱ्यांच्या गोडाचा. सापडलं तेव्हाही पुस्तक अर्धंच राहायचं होतं, आणि ते आजही आमच्याकडं तसंच आहे, स्वल्पविरामावर. मी आणखी बोलणार होते, पण ती माझं ऐकत नव्हती. ती बाहेर गेली आणि काउंटरला टेकून त्या मुलीसमोर उभी राहिली.

"मग?" तिनं विचारलं. "आला काय त्यो? घरात सांगून?"

मुलीच्या तोंडात घास होता. तो तिनं गिळला.

"अजून न्हाय," ती म्हणाली.

संघप्रियानं डब्यातली दुसरी भाकरी मोडली आणि मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवला.